तमगा, तुघरा आणि बरात

'तमगा' हा शब्द आपल्या घरांत अजून जिवंत आहे. नातवाला धावण्याच्या शर्यतीत पितळी पदक मिळाले तरी दादीजान मोहल्लाभर "आमच्या पोराला तमगा मिळाला" म्हणून सांगत सुटते. हा शब्द मुळात तुर्की. मध्य आशियातल्या टोळ्या आपापल्या घोड्यांवर मालकीची खूण डागत, ती खूण म्हणजे तमगा. आजच्या तुर्की भाषेत 'दामगा' म्हणजे शिक्का. घोड्याच्या पुठ्ठ्यावरची डागणी पुढे माणसाच्या छातीवर आली आणि तिला मान मिळाला. जुने शाही तमगे गोळा करणाऱ्या शौकिनांबद्दल लिहायला बसलो तेव्हा हीच गोष्ट मनातून जाईना. छातीवरची ही खूण मानाची म्हणायची की मालकीची? ज्याने ती दिली तो बादशहा गेला, ज्याने ती मिरवली तो माणूस गेला, खूण मात्र चोर बाजारातल्या एखाद्या काचेच्या पेटीत पडून आहे.

आधी एक फरक सांगतो, कारण तो न कळल्याने बाजारात भल्याभल्यांचा घोटाळा होतो. पदक एखाद्या लढाईसाठी किंवा कामगिरीसाठी मिळते आणि तिथेच विषय संपतो. 'ऑर्डर' म्हणजे मानकऱ्यांचा पंथ. तिच्यात माणूस सामील होतो, तिला दर्जे असतात, नियम असतात, गळ्यातली साखळी, खांद्यावरून आडवा जाणारा पट्टा, छातीवरचा तारा असा सरंजाम असतो. युरोपात ही चाल क्रुसेडच्या काळातल्या सरदारांच्या पंथांवरून आली. इंग्लंडची गार्टर ही ऑर्डर १३४८ सालच्या सुमारास सुरू झाली. या पंथांच्या बिल्ल्यांवर क्रूस आणि ख्रिस्ती संत असत ते त्यामुळेच. फारसीत आणि तुर्कीत या ऑर्डरला 'निशाण' म्हणत. आपण झेंड्याला निशाण म्हणतो, तोच शब्द.

आपल्याकडे, म्हणजे अब्बासी खलिफांपासून मोगलांपर्यंत आणि दख्खनच्या सुलतानांपर्यंत, मान द्यायची रीत वेगळी होती. बादशहा खिलअत देई. अंगरखा, शेला, पागोटे, कधी तलवार, कधी घोडा. मराठेशाहीतही हेच चालत आले. साताऱ्याहून छत्रपतींनी पेशवाईची 'वस्त्रे' दिली की माणूस पेशवा होई. कापड अंगावर चढते, अंगाची ऊब घेते आणि शेवटी विरून जाते. खिलअतीचा बाजार त्यामुळेच फारसा होऊ शकला नाही. धातूचे तसे नाही.

मुसलमान बादशहांनी कापडावरून धातूवर कधी उडी मारली? उस्मानी दरबारात तरी त्याचे निमित्त एक इंग्रज दर्यावर्दी झाला. १७९८ साली नाईल नदीच्या मुखाशी नेल्सनने नेपोलियनचे आरमार बुडवले. मिसर तेव्हा उस्मानी सुलतानाच्या राज्यात मोडे. सुलतान तिसरा सलीम याने खूश होऊन नेल्सनला 'चेलेंक' पाठवला. चेलेंक म्हणजे पागोट्यावरचा हिऱ्यांचा तुरा. त्याला तेरा किरणे होती, पकडलेल्या आणि बुडवलेल्या फ्रेंच जहाजांच्या हिशेबाने, आणि मधला तारा किल्ली दिली की गरगर फिरे. पाठोपाठ १७९९ मध्ये सलीमने परक्या, गैरमुस्लिम मानकऱ्यांसाठी चांदताऱ्याची खास ऑर्डर काढली. गंमत अशी की सुलतानाने परक्यासाठी जी वस्तू घडवली, तिचीच चाल पुढे त्याच्या स्वतःच्या दरबारात रूढ झाली. तो चेलेंक पुढे लंडनजवळच्या सागरी संग्रहालयात ठेवला होता. १९५१ मध्ये एका सराईत चोराने तो तिथून पळवला आणि हिरे सुटे होऊन कायमचे गेले. संग्राहकांच्या दुनियेत आजही या चोरीची गोष्ट सांगितली जाते. मला मात्र त्या फिरत्या ताऱ्यापेक्षा पुढे आलेले साधे निशाण जास्त आवडते. त्याचे नाव मजीदी.

सुलतान अब्दुल मजीद याने हे निशाण सुरू केले. काही पुस्तकांत त्याचे साल १८५१ सापडेल, काहींत १८५२. निशाणावरच मात्र १२६८ हे हिजरी साल आहे, आणि हिजरी १२६८ हे इसवी १८५१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू होऊन १८५२ च्या ऑक्टोबरच्या मध्यावर संपते. घरातल्या मुलांना एक सोपे गणित शिकवून ठेवा: हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १२६८ चे येतात १८५२. वर्षभर इकडेतिकडे होईल, पण नव्या कारागिराने जुन्या नावाने खपवलेला माल एवढ्यानेही कधी कधी उघडा पडतो.

मजीदीचा घाट असा: चांदीची सूर्यकिरणे सात जुडग्यांत, दोन जुडग्यांच्या मध्ये छोटा चांद आणि तारा, मध्यभागी सोनेरी तबकडीवर सुलतानाचा तुघरा, आणि तुघऱ्याभोवती लाल मिनाकारीच्या कड्यात तीन शब्द. हमियत, गैरत, सदाकत. वर लाल मिन्याचाच चांदतारा, ज्याच्यातून फीत ओवायची. फीत किरमिजी, तिला हिरव्या कडा. दर्जे पाच.

ते तीन शब्द पुन्हा वाचा. उर्दूची दुसरी-तिसरी इयत्ता शिकलेले आपले पोर हे शब्द निशाणावरून सरळ वाचते. गैरतचा तुर्की अर्थ आपल्या गैरतपेक्षा थोडा वेगळा आहे, तिकडे तो हिरिरीने झटण्याकडे झुकतो. पण अक्षरे तीच, आकडे तेच. उलट इस्तंबूलमधल्या आजच्या कॉलेजकुमाराला ते वाचता येत नाहीत, कारण १९२८ साली तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घेतली. त्याच्या पणजोबाचा तमगा मालेगावच्या किंवा परभणीच्या उर्दू शाळेतला मुलगा वाचू शकतो आणि तो स्वतः वाचू शकत नाही. "उर्दू शिकून काय फायदा?" असा प्रश्न पालक मला वर्षातून चारदा तरी विचारतात. हे उत्तर त्यांना पटेल असे नाही, पण मला मजेचे वाटते.

तुघरा मात्र उर्दूवाल्यालाही पहिल्या नजरेत वाचता येत नाही. तो बादशहाच्या सहीचा नक्षीदार गुंता असतो: तीन उभे दांडे, डावीकडे दोन मोठे वळसे, तळाशी नावांची गुंफण. सुलतानाचे नाव, 'खान', बापाचे नाव आणि 'अल्-मुजफ्फर दाइमा', म्हणजे सदा विजयी. नाव बदलले तरी सांगाडा तोच राहतो. उजव्या अंगाला 'अल्-गाजी' अशी जास्तीची अक्षरे दिसली तर ती चीज अब्दुल मजीदची नव्हे, नंतरच्या सुलतानाची. मजीदीवर तुघरा अब्दुल मजीदचा. शौकीन माणूस खिशात भिंग ठेवतो ते अशा बारकाव्यांसाठी.

१८५३ ते १८५६ या काळात क्रिमियाचे युद्ध झाले आणि मजीदी जगभर पसरली. इंग्रज आणि फ्रेंच फौजा रशियाविरुद्ध तुर्कांच्या बाजूने लढल्या, आणि सुलतानाने त्यांच्या अधिकाऱ्यांना सढळ हाताने निशाणे वाटली. त्या साहेबांपैकी कित्येकांनी लंडन-पॅरिसच्या जवाहिऱ्यांकडून आपापल्या मापाची, जास्त नाजूक अशी दुसरी प्रत करून घेतली. त्यामुळे 'इस्तंबूलची घडण' आणि 'पॅरिसची घडण' अशा दोन जाती बाजारात आहेत. दोन्ही जुन्या, दोन्ही अस्सल म्हणता येतील अशा, पण सुलतानाच्या हातून आलेली पहिलीच. शिपायांसाठी सुलतानाने वेगळे साधे पदक काढले, त्यावर १२७१ साल आहे. त्याच्या तीन तऱ्हा होत्या: इंग्रजांसाठी, फ्रेंचांसाठी आणि सार्डिनियाच्या फौजेसाठी. इंग्रजांचा माल घेऊन निघालेले जहाज बुडाले असे सांगतात, आणि मग जी पदके हाताशी होती ती वाटली गेली. इंग्रज शिपायाच्या नावावर इटालियन अक्षरांचे पदक दिसले तर लगेच नकली म्हणू नये, ते यामुळे.

१८६२ मध्ये अब्दुल अजीजने उस्मानी निशाण काढले. हिरव्या मिन्याचा सात टोकांचा तारा, आणि मागच्या बाजूला ६९९, म्हणजे उस्मानी घराण्याच्या राज्याचे स्थापनेचे हिजरी साल. १८७८ मध्ये दुसऱ्या अब्दुल हमीदने 'शफकत' काढले, ते फक्त बायकांसाठी. रशियाशी नुकत्याच झालेल्या युद्धात जखमी आणि बेघर झालेल्यांची ज्या स्त्रियांनी सेवा केली, त्यांच्या कदरीपोटी ते निघाले. शफकत म्हणजे माया. तलवार गाजवणाऱ्यांच्या या सगळ्या पसाऱ्यात एका निशाणाचे नाव 'माया' असावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

इकडे हिंदुस्थानातही १८५७ नंतर इंग्रजांना राजेरजवाडे बांधून ठेवायचे होते. १८६१ मध्ये त्यांनी 'स्टार ऑफ इंडिया' ही ऑर्डर काढली आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अलाहाबादेला दरबार भरवून पहिले मानकरी सजवले. त्यांत ग्वाल्हेरचे शिंदे, पतियाळाचे महाराज, रामपूरचे नवाब यांच्या रांगेत एक बाई होत्या, भोपाळच्या सिकंदर बेगम. त्यांच्या मागून शाहजहाँ बेगम आणि सुलतान जहाँ बेगम यांनाही हा मान मिळाला. याच सुलतान जहाँ बेगम पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या.

पण या ताऱ्याने हैदराबादेत भलताच पेच उभा केला. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे हा पेच आपल्याच पणजोबांच्या सरकारचा. ऑर्डरबरोबर निळा रेशमी झगा येई, आणि गळ्यातल्या लोलकावर गोमेदात कोरलेला राणी व्हिक्टोरियाचा चेहरा. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी इंग्रजांना कळवले की असला पेहराव इथल्या रिवाजात बसत नाही, रेशीम-मखमल दीनदार मुसलमान पुरुषाला चालत नाही, आणि जिवंत प्राणिमात्राची तसबीर अंगावर बाळगणे तर मुळीच नाही. सालारजंग हे काही इंग्रजांचे वैरी नव्हेत. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांनीच हैदराबाद शांत ठेवले होते. तरीही त्यांनी हा मुद्दा कागदावर मांडला. निजामाने मान अखेर स्वीकारला, कारण नाकारण्याइतकी ताकद कोणात उरली होती? पण 'हे आम्हाला गळ्यात घालवत नाही' एवढे कोणीतरी लेखी म्हणून ठेवले, हे मला महत्त्वाचे वाटते. स्टार ऑफ इंडियाचे लोलक आज लिलावात मोठ्या किमतीला जातात. त्या कोरीव चेहऱ्यामागची ही कुरबुर माहीत असणारा माणूस ते वेगळ्या नजरेने पाहील.

असा पेच दुसरीकडेही आला होता. रशियाच्या झारच्या फौजेत कॉकेशसचे मुसलमान स्वार होते. त्यांना संत जॉर्जचा क्रूस कसा द्यायचा? १८४४ पासून गैरख्रिस्ती लोकांसाठी वेगळी तऱ्हा निघाली, तीत घोडेस्वार संताच्या जागी दुतोंडी गरुड बसवला. पण म्हणतात, त्या स्वारांनीच तक्रार केली: "आम्हाला हा पक्षी का? आम्हाला तो घोड्यावरचा जवान द्या." गरुडाची तऱ्हा थोड्याच लोकांना मिळाली, म्हणून संग्राहक तिच्यासाठी आज जास्त पैसे मोजतात. आणि स्वतः उस्मानी सुलतान? अब्दुल अजीजला १८६७ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या शाही जहाजावर गार्टर दिली, क्रूसासकट, आणि त्याने ती घेतली. बादशहांना बहुधा अशा गोष्टींची अडचण होत नाही.

आता एका तमग्याबद्दल सांगतो, जो माझ्या हिशेबी या सगळ्या हिऱ्यामोत्यांहून वरचा. दमास्कसहून मदिन्यापर्यंत हिजाज रेल्वे बांधायचे काम १९०० साली निघाले, आणि १९०८ मध्ये पहिली गाडी मदिन्याला पोहोचली. हाजींचे उंटावरचे कष्ट वाचावेत म्हणून जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली. हिंदुस्थानातूनही पुष्कळ गेली. वर्गणीदारांना अब्दुल हमीदच्या तुघऱ्याचा, इंजिनाचे चित्र असलेला तमगा मिळे, रकमेप्रमाणे निकेलचा, चांदीचा किंवा सोन्याचा. हा तमगा कोणाला मारून मिळालेला नाही आणि कोणापुढे वाकूनही नाही. एखाद्या जुन्या व्यापारी घराण्याच्या पेटीत असा निकेलचा नग निघाला तर तो निकेलचा आहे म्हणून फेकून देऊ नका.

यानंतरची कहाणी सांगायला जड आहे, पण ती आपल्या घरांची आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने महायुद्धात उतरला. सुलतान रशादने १९१५ मध्ये युद्धपदक काढले: लाल पाच टोकांचा तारा, त्यावर चांद, तुघरा आणि १३३३ हे हिजरी साल. जर्मन लोकांनाही ते मिळाले, जर्मनीतल्या कारखान्यांतही ते बनले, त्यामुळे आजही उस्मानी वस्तूंत सर्वांत सहज सापडणारे ते हेच. इंग्रज त्याला 'गॅलिपोली स्टार' म्हणतात. त्याच वेळी इराकमध्ये या ताऱ्यासमोर कोण उभे होते? पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, आणि या मराठा पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानही भरती होत. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत ही फौज दजला नदीच्या काठी कूत-अल-अमारात वेढली गेली. घोडे कापून खाल्ले, आणि अखेर सुमारे १३,००० जणांनी तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली.

त्या रांगेतल्या दख्खनी मुसलमान शिपायाच्या मनात काय चालले असेल? जुम्याच्या खुतब्यात ज्या खलिफाचे नाव ऐकले, त्याच्याच शिपायांवर बंदूक रोखायची. घरी दोन बिघे कोरडवाहू, आई, लहान भावंडे, आणि महिन्याचा पगार. जे जगून परत आले त्यांना, आणि जे नाही आले त्यांच्या घरच्यांना, इंग्रज सरकारने पुढे पदके पाठवली: १९१४-१५ चा ब्राँझचा तारा, राजाचा मुखडा असलेले चांदीचे युद्धपदक, आणि इंद्रधनुषी फितीचे विजयपदक. शिपायाचे नाव, क्रमांक आणि पलटण त्यावर कोरून.

आणि लगेच १९२० आले. खिलाफतीचा लढा उभा राहिला. १ ऑगस्टला गांधीजींनी व्हाइसरॉय चेम्सफर्डना पत्र लिहून आपले कैसर-ए-हिंद सुवर्णपदक परत केले, सोबत दक्षिण आफ्रिकेतल्या दोन युद्धांची पदकेही. कारणे दोन दिली: खिलाफत आणि पंजाब. दिल्लीचे हकीम अजमल खान यांनीही सरकारची पदके आणि 'हाजिक-उल-मुल्क' ही पदवी टाकून दिली. लोकांनी त्यांना 'मसीह-उल-मुल्क' म्हणायला सुरुवात केली. बड्या माणसाने पदक परत करणे ही बातमी होते. पण कूतमध्ये घोड्याचे मांस खाऊन जगलेल्या शिपायाने आपल्या पदकांचे काय करायचे? परत करायला त्याला व्हाइसरॉयचा पत्ता माहीत नव्हता आणि मिरवायला मशिदीत तोंड नव्हते. माझा अंदाज असा की ती पदके फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी गेली. पुष्कळ घरांत त्यांच्याविषयी कोणी बोलले नाही. नातवंडांना वाटले, अशीच कुठली तरी जुनी नाणी. मग १९८० च्या सुमारास चांदीचा भाव भडकला आणि जगभर असली चांदीची युद्धपदके ढिगाने वितळवली गेली. सोनाराच्या काट्यावर ते पदक जेमतेम अडीच तोळ्यांच्या आसपास भरते. कडेवरचे नाव वितळताना त्याचे वजन कोणी केले नाही.

तुर्कस्तानातही फार वेगळे झाले नाही. १९२२ मध्ये सल्तनत गेली, १९२४ मध्ये खिलाफत. १९३४ च्या कायद्याने पाशा, बे, एफेंदी या पदव्या आणि सल्तनतीची मुलकी निशाणे रद्द झाली, फक्त युद्धपदके राहिली. ज्या चांदीच्या सूर्यासाठी माणसे झुरत होती तो एका दिवसात नुसता दागिना झाला, आणि भंगारापासून लंडनच्या लिलावापर्यंत सगळीकडे दिसू लागला. आपल्या राज्यघटनेतही कलम १८ आहे. सरकार पदव्या देणार नाही, नागरिकाने परक्या सरकारची पदवी घ्यायची नाही. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार चालतात, पण ते नावाच्या आगेमागे पदवीसारखे लावायचे नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले आहे. लग्नपत्रिकांवर हे किती पाळले जाते ते आपण पाहतोच.

मग संग्राहक नेमके काय विकत घेतो? नवखा माणूस चमक घेतो. जाणता माणूस कागद मागतो. उस्मानी निशाणाबरोबर मानकऱ्याला एक फर्मान मिळे, वर तुघरा, खाली नाव, दर्जा, तारीख. त्याला 'बेरात' म्हणत, म्हणजे आपला 'बरात' शब्द. शब-ए-बरातला तुर्क लोक 'बेरात कंदिली' म्हणतात. आणि पेशवेकाळातल्या मोडी कागदांत पैसे देण्याच्या हुकुमाला 'वरात' म्हणत, तीही याच घराण्यातली, लग्नाच्या वरातीशी तिचे नाते नाही. बरातीशिवाय मजीदी म्हणजे कोणाचीही मजीदी. बरातीसकट ती एका माणसाची होते. पाचव्या दर्जाची, मिना उडालेली, पण कागदासकट असलेली मजीदी मी पहिल्या दर्जाच्या अनाथ ताऱ्यापेक्षा वरची मानतो. सगळेच संग्राहक असे मानत नाहीत. हिरे मोजणारेही खूप आहेत.

नकली मालाबद्दल थोडक्यात. अस्सल काम ठोकून किंवा हाताने कोरून, नंतर पैलू पाडून केलेले असते, नकल साच्यात ओतलेली असते. भिंगातून पाहिले तर ओतीव कामावर बारीक फोड आणि बोथट कडा दिसतात. तुघऱ्याच्या रेषा तर नकलाकाराला हमखास दगा देतात, कारण तो त्या वाचत नाही, नुसत्या गिरवतो. इंग्रजी पदकांत वेगळी लबाडी चालते: कडेवरचे खरे नाव कानशीने घासून एखाद्या गाजलेल्या लढाईतल्या शिपायाचे नाव कोरायचे. कड बाकीच्या पदकापेक्षा पातळ लागली की समजावे.

हे सगळे वाचून कोणी तमगे विकत घ्यायला धावेल असे मला वाटत नाही, आणि शिक्षकाच्या पगारात मी तशी शिफारसही करणार नाही. पण गावाकडचे जुने घर पाडताना, दादाजानच्या माघारी पेटी उघडताना असे काही निघाले तर चार गोष्टी लक्षात ठेवा. चिंच किंवा राख लावून ते घासू नका. काळपट थर हाच त्याच्या वयाचा दाखला असतो, आणि घासल्याने कडेवरची अक्षरे झिजतात. फीत कुजलेली असली तरी फेकू नका, पाकिटात ठेवा. सोबत काही कागद, पाकीट, पेन्शनचे पुस्तक असेल तर ते तमग्याइतकेच जपा. तिन्ही पदके एका माणसाची असतील तर वाटणीत तीन भावांनी एकेक नेऊ नये. जमिनीचे हिस्से होतात, हे जोडीतच राहू द्यावे, एकाने ठेवावे आणि राजीखुशीने दुसऱ्यांना किंमत द्यावी.

विकायचेच असेल तर घाई नको. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठवायला खाजगी माणसाला बंदी आहे. पहिल्या महायुद्धाची पदकेही आता शंभरी ओलांडून गेली. परदेशातल्या गिऱ्हाइकाने मोबाईलवर गोड बोलून "कुरिअरने पाठवा" म्हटले तर ते पाठवणे गुन्हा ठरू शकते. भंगारवाला आणि सोनार दोघेही वजनाने पैसे देतील, नावाचे देणार नाहीत.

विकण्याआधी निदान एक करा. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, मुलाच्या कंपासपेटीतले भिंग घेऊन कडेवरची अक्षरे वाचा. गोल पदकांवर नाव कडेवर असते, ब्राँझच्या ताऱ्यावर पाठीमागे. ती इंग्रजी असतात, आणि साहेबाच्या कारकुनाने नावाचे स्पेलिंग बरेचदा वाकडेतिकडे केलेले असते. 'शेख'चे चार प्रकार सापडतील. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, चारही वहीत उतरवून घ्या, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ते नाव मोठ्याने वाचून दाखवा. फुफीला, मोठ्या अब्बांना, जे कोणी असतील त्यांना. हे काम या सुट्टीतच उरका, कारण ते नाव ओळखणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.